गाजरगवत : न पेरता येणारे पीक



आपल्या शाळेच्या मागील अंगास जो ओढा आहे, त्याच्या काठाने श्रावण-भाद्रपदात कोणी चालत गेला, तर त्यास दोन्ही बाजूंस कंबरेइतकी उंच, हिरवीगार आणि बारीक पांढऱ्या फुलांनी डवरलेली झाडे दिसतील. दुरून पाहणाऱ्यास वाटावे की, कोणी हौसेने बागच लाविली आहे. परंतु ही बाग कोणी लाविलेली नाही, तिला कोणी पाणी घातलेले नाही, आणि ती कोणास हवीही नाही. गाय तिला तोंड लावीत नाही, शेळी तिच्याजवळून निघून जाते, आणि शेतकरी तिच्याकडे पाहून कपाळाला हात लावितो. हेच ते गाजरगवत. ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पण नित्य डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूकडे आपण सहसा नीट पाहत नाही. मीही पाहिले नव्हते, आणि त्याचे प्रायश्चित्त माझ्या विद्यार्थ्यांस भोगावे लागले. ती हकीकत प्रथम सांगतो.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात मी आठवी-नववीच्या मुलांस घेऊन शाळेचे मैदान साफ करविले. मुलांनी मोठ्या उत्साहाने उघड्या हातांनी गाजरगवत उपटले. फुले पूर्ण उमललेली होती. कित्येक झाडांवर बीही धरले होते. उपटलेले सर्व गवत आम्ही कुंपणाच्या कोपऱ्यात ढीग करून टाकिले आणि मैदान स्वच्छ झाले म्हणून एकमेकांचे अभिनंदन केले. कुंपणापलीकडील ओढ्याकाठचे गवत मात्र ‘आपले नव्हे’ म्हणून तसेच राहिले.

त्याच रात्री दोन मुलांच्या हातांवर व मानेवर पुरळ उठले. त्यांपैकी एकाचे डोळे इतके सुजले की, तो दोन दिवस शाळेस येऊ शकला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील मला भेटावयास आले. ते दुसऱ्यांच्या शेतांवर रोजंदारीने काम करणारे गृहस्थ. ते रागावतील, आणि रागावण्याचा त्यांना अधिकारच आहे, अशी मनाची तयारी करून मी बसलो होतो. परंतु त्यांनी काही न बोलता सदऱ्याची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी काळवंडून जाड झाली होती आणि जागोजाग भेगाळली होती. ते म्हणाले, “गुरुजी, पोराला काय झालंय ते मला लगेच कळलं. माझंही असंच सुरू झालं होतं. आता खुरपणीला गेलं की चार दिवस झोप लागत नाही. म्हणून ते काम सोडलं. काम सोडलं तसा रोजही गेला.”

मी त्यांची क्षमा मागितली. पण एवढ्याने माझे समाधान होईना. ह्या वनस्पतीविषयी जे मिळेल ते मी वाचू लागलो, तेव्हा एका दिवसात मी चार चुका केल्या होत्या असे मला कळून आले. वेळ चुकली, हात उघडे ठेविले, ढीग चुकीच्या जागी केला आणि कुंपणाबाहेरचे गवत सोडून दिले. ह्या चुका का होत्या हे समजले म्हणजे गाजरगवताची सर्व विद्या समजली, असे म्हणावयास हरकत नाही.

नाव, गाव आणि आगमन

प्रथम ह्या पाहुण्याची ओळख करून घेऊ. ह्याला गवत म्हणतात खरे, परंतु हे गवत नव्हे. गहू, ज्वारी, हरळी ही खरी गवताच्या कुळातील होत. गाजरगवत हे सूर्यफूल, झेंडू व शेवंती यांच्या कुळातील आहे. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली म्हणून गाजरगवत. फुले पांढऱ्या टोपीसारखी दिसतात म्हणून कोणी त्यास काँग्रेस गवत म्हणतात. पांढरी फुली आणि चटक चांदणी हीही त्याचीच नावे. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. हे नाव लिनिअस ह्या स्वीडिश पंडिताने १७५३ मध्ये दिले.

ह्याचे मूळ गाव मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश. आपल्याकडे ते कसे आले, ह्याविषयी एक गोष्ट घरोघर सांगितली जाते. अमेरिकेने ‘पी. एल. ४८०’ ह्या कायद्यान्वये जो गहू पाठविला, त्यातून हे बी आले, अशी ती गोष्ट. परंतु तारखा पाहिल्या असता ती जशीच्या तशी पटत नाही. त्या कायद्यान्वये भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला; आणि पुण्यात उकिरड्यांच्या जागी ही वनस्पती वाढत असल्याची नोंद आर. एस. राव यांनी त्याच १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. म्हणजे ती त्यापूर्वीच येथे रुजली होती. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत तर १८८० मधील एक वाळविलेला नमुना आहे. बाहेरून आलेल्या धान्याबरोबर बी आले असणे सर्वस्वी शक्य आहे, कारण १९५१ मध्येही अमेरिकेहून गहू उधारीवर आला होता. पण कोणत्या जहाजातून व कोणत्या पोत्यातून, हे आज कोणी सांगू शकणार नाही. विद्यार्थ्यांनी ह्यातून एवढा बोध घ्यावा की, सर्वजण सांगतात म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. तारीख ताडून पाहावी.

ते कसेही आलेले असो, एकदा पुण्यात पाय रोविल्यावर काही दशकांच्या अवधीत ते जवळजवळ सर्व भारतभर पसरले. आज सुमारे साडेतीन कोटी हेक्टर जमिनीवर त्याचा संचार आहे, असा अंदाज केला जातो.

पहिली चूक : वेळ

हे पसरते कशाने? बियांनी. तुम्ही ज्याला एक फूल म्हणता, तो वस्तुतः अनेक बारीक फुलांचा झुपका असतो, आणि त्याच्या कडेच्या पाच फुलांपासून पाच बिया होतात. पाच ही संख्या फार नव्हे. परंतु एका जोमदार झाडावर असे हजारो झुपके येतात, म्हणून एक झाड दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बी देऊ शकते. बी रुजल्यापासून फुले येण्यास बहुधा महिना-दीड महिनाच लागतो. आणि ओल मिळाली तर बारा महिन्यांत केव्हाही ते उगवते.

आता गणिताच्या तासाप्रमाणे हिशेब करू. एका झाडाच्या दहा हजार बियांपैकी नव्याण्णव टक्के वाया गेल्या असे धरा. तरी शंभर झाडे राहिली. त्या प्रत्येकाची पुन्हा शंभर झाली, तर दुसऱ्या पिढीत दहा हजार झाडे होतात. आणि एका वर्षात दोन-तीन पिढ्या सहज होतात! शिवाय सर्व बी एकाच वेळी उगवत नाही. मातीत खोल गेलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते आणि नांगराच्या तासाने वर आले की उगवते. म्हणून एका पावसाळ्यात आळस केला, तर पुढील अनेक पावसाळे खुरपे हातातून सुटत नाही.

पवित्र शास्त्रात गव्हातील निदणाचा दृष्टान्त आहे, तो तुमच्यापैकी अनेकांनी ऐकिला असेल. तेथील घरधनी, निदणाबरोबर गहूही उपटला जाईल म्हणून कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्यावयास सांगतो. तो दृष्टान्त मनुष्यांविषयी आहे, शेतीविषयी नव्हे, हे लक्षात ठेवावे. गाजरगवतास जो शेतकरी कापणीपर्यंत अभय देईल, त्याच्या शेतात पुढील वर्षी कापावयास पीक थोडेच उरेल. गाजरगवत उपटण्याची वेळ एकच : फूल येण्यापूर्वी. मी ते बी धरल्यावर उपटविले. म्हणजे आम्ही गवत काढिले नाही, बी झाडून पेरले.

दुसरी चूक : उघडे हात

गाजरगवताच्या अंगी पार्थेनिन नावाचे एक विषारी द्रव्य असते. पाने, देठ व फुले यांवर जे अतिसूक्ष्म केस असतात, त्यांत ते विशेषेकरून आढळते. ते पुन्हा पुन्हा अंगास लागले असता काही माणसांच्या कातडीस त्याचे वावडे उत्पन्न होते. एकदा वावडे जडले की, त्यानंतर थोडासा स्पर्शही पुरतो. किंबहुना वाऱ्याबरोबर उडालेला वाळक्या पानांचा चुरा चेहऱ्यावर, मानेवर वा कोपराच्या खोबणीत बसला तरी खाज व पुरळ सुरू होते. त्याच्या परागांमुळे कित्येकांस सर्दी, शिंका व दम्याचाही त्रास होतो. पुण्याकडील अशा रुग्णांचा अभ्यास करून डॉ. लोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये ह्या त्वचारोगाचे वर्णन प्रसिद्ध केले होते.

हा रोग प्रत्येकास होत नाही, आणि एका माणसाचा दुसऱ्यास लागतही नाही. परंतु तो कोणास अधिक होणार, हे पाहा. जो गवतात नित्य हात घालतो त्यास. म्हणजे खुरपणीस जाणाऱ्या बाया, रोजंदारीचे मजूर, गुरे राखणारी मुले यांस. ज्याच्या मालकीची जमीन नाही, त्याच्या कातडीवर दुसऱ्याच्या शेतातील गवताचा कर बसतो. ते गृहस्थ माझ्यासमोर बाही वर करून उभे राहिले, तेव्हा मला ही गोष्ट प्रथमच समजली.

गुराढोरांचीही हीच कथा. शहाणे जनावर ते खात नाही. परंतु दुष्काळात किंवा हिरव्या वैरणीत मिसळून ते पोटात गेले, तर दुधास कडवट चव येते, आणि फार गेले तर जनावर आजारी पडून दगावूही शकते. जनावरे चांगले गवत तेवढे खातात आणि हे सोडून देतात, म्हणून गायरानात मारवेल-पवन्यासारख्या उत्तम चाऱ्याची जागा हळूहळू हेच घेते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात ते १९५५ मध्ये प्रथम आढळले. १९६० मध्ये टेक्सासहून आणिलेल्या कुरणाच्या बियाण्यातून ते पुन्हा आले आणि मोठमोठी कुरणे व्यापून बसले. तेथील गोपालनाच्या धंद्याचे त्यामुळे वर्षास सुमारे एक कोटी पासष्ट लक्ष डॉलरांचे नुकसान होते, असा हिशेब १९९४ मध्ये करण्यात आला होता. धनाढ्य देशाची ही स्थिती, मग ज्याच्या दारी दोनच शेळ्या आहेत त्याने काय करावे?

तिसरी चूक : ढीग

आमच्या ढिगाचे काय झाले, तेही ऐका. पुढील जूनमध्ये पहिला पाऊस पडताच त्या कोपऱ्यात गाजरगवताचा असा गालिचा उगवला की, पाय ठेवण्यास जागा उरली नाही. आणि त्यात दुसरे काहीही उगवले नाही. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. पार्थेनिन व तत्सम द्रव्ये मुळांतून आणि कुजणाऱ्या पानांतून मातीत उतरतात व शेजारच्या रोपांची उगवण आणि वाढ खुंटवितात. हा शेजारी नुसता जागा व्यापीत नाही. तो दुसऱ्याच्या ताटात विष कालवितो.

पिकांवर ह्याचा काय परिणाम होतो, ह्याचे एक उदाहरण आपल्या ज्वारीचेच देतो. पूर्व आफ्रिकेतील इथिओपिया देशातही ज्वारी हे गरिबांचे मुख्य अन्न आहे. तेथे केलेल्या प्रयोगांत, शेतातील गाजरगवत मुळीच न काढल्यास ज्वारीचे उत्पन्न ४० पासून ९७ टक्क्यांपर्यंत घटल्याचे आढळले. ह्याचे परागही निरुपद्रवी नाहीत. ते टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या फुलांवर साचले, तर फळधारणेस अडथळा येतो. त्याहून भयंकर गोष्ट २००० साली आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात घडली. तेथे भुईमुगाची रोपे शेंडे करपून मरू लागली, आणि सुमारे सव्वादोन लक्ष हेक्टरांवरील पीक ह्या रोगास बळी पडले. शोधाअंती असे ठरले की, हा रोग एका विषाणूपासून होतो. तो विषाणू गाजरगवतात राहतो, पण गाजरगवतास स्वतःला काहीच होत नाही. फुलकिडे नावाचे सूक्ष्म कीटक त्याचे पराग अंगावर घेऊन भुईमुगावर जातात आणि रोग पोहोचवितात. बांधावरचे गवत शेताबाहेर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने अनंतपूर विसरू नये.

मग उपटलेल्या गवताचे करावे काय? ते फुलापूर्वी उपटले असेल तर त्याचे उत्तम खत होते. खड्ड्यात एक थर गवताचा, त्यावर शेणकाला व माती, असे थर द्यावे आणि वरून लिंपून बंद करावे. काही महिन्यांत काळे भुसभुशीत खत मिळते. बी धरलेले झाड मात्र खतात, ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेस कधीही टाकू नये. ह्याचे बी हलके असून पाण्यावर तरंगते. गाड्यांच्या चाकांस, पायताणांच्या तळव्यांस व गुरांच्या खुरांस चिकटलेल्या चिखलाबरोबर ते गावोगाव प्रवास करिते.

चौथी चूक : कुंपण

आता शेवटची आणि सर्वांत मोठी चूक. आम्ही आपले मैदान साफ केले आणि ओढा सोडून दिला. पहिल्याच पुरात ओढ्याने आम्हास नवे बी आणून दिले. रस्त्याच्या कडा, कालव्याचे काठ, गायरान, ओसाड प्लॉट, पडीक रान ह्या जागा सर्वांच्या असतात, म्हणून वस्तुतः कोणाच्याच नसतात. आणि गाजरगवताचे खरे माहेर तेच. एकट्या शेतकऱ्याने आपले शेत कितीही निर्मळ ठेविले, तरी शेजारचे गायरान जोपर्यंत फुलत आहे, तोपर्यंत त्याच्या श्रमास अंत नाही.

मानवाने अशा शत्रूवर पूर्वी जय मिळविला आहे काय? होय. आपल्या देशात एके काळी फड्या निवडुंगाने असाच उच्छाद मांडिला होता. तोही अमेरिकेहून आलेला. १७९५ मध्ये ब्राझीलहून किरमिजी रंग देणारे किडे म्हणून काही किडे येथे आणण्यात आले. ते निघाले दुसऱ्याच जातीचे. रंग चांगला मिळाला नाही, परंतु उत्तरेकडील एका जातीचा निवडुंग त्यांनी खाऊन फस्त केला. पुढे १९२६ मध्ये दुसऱ्या जातीचे किडे सिलोनहून आणून दक्षिणेत सोडिले, तेव्हा तेथील निवडुंगही थोड्याच वर्षांत ओसरला. परक्या वनस्पतीचा जोर इतका का होतो, हे ह्यावरून समजते : ती येते तेव्हा तिचे वैरी मागे मायदेशी राहिलेले असतात.

हाच विचार करून १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा एक लहान भुंगा बेंगळूरु येथे आणिला गेला आणि परीक्षा घेऊन १९८४ मध्ये मोकळा सोडण्यात आला. त्याच्या पाठीवर तपकिरी रेघा असतात. तो व त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने खातात. हिवाळ्यात तो जमिनीत शिरून झोपतो आणि पावसाबरोबर वर येतो. पुढे काही ठिकाणी तो सूर्यफुलावर दिसला, तेव्हा मोठी चिंता उत्पन्न झाली. परंतु चौकशीअंती तो त्या पिकास धोकादायक नाही असे ठरले. पावसाळ्यात जेथे त्याची संख्या वाढते, तेथे तो गवताच्या नुसत्या काड्या ठेवितो. मात्र निवडुंगासारखा पूर्ण विजय त्यास अद्याप मिळालेला नाही. कारण तो झोपी गेल्यावरही गवत उगवतच राहते. तो आपला मित्र आहे, पण आपला गडी नव्हे.

दुसरा मित्र म्हणजे आपला तरोटा. कोकणात त्यास टाकळा म्हणतात व त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करितात. पावसाच्या आरंभी गाजरगवताच्या पडीक जागी तरोट्याचे बी फेकले, तर तो दाट उगवून गाजरगवतास वर येऊ देत नाही. जबलपूर येथे तणांच्या संशोधनाची जी राष्ट्रीय संस्था आहे, तीही हा उपाय सुचविते. आणि तिच्याच प्रेरणेने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. तणनाशक औषधेही आहेत. परंतु ती कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यावाचून वापरू नयेत, आणि मुलांनी त्यांस हातही लावू नये.

आता काय करावयाचे

गेली दोन वर्षे आपल्या शाळेने हे काम पुन्हा नव्याने आरंभिले आहे. जुलैत, फूल दिसण्यापूर्वी, पाऊस पडून जमीन ओली असता आपण गवत मुळासकट उपटतो. हातमोजे, पूर्ण बाह्या व तोंडास रुमाल ह्यांवाचून कोणास काम करू देत नाही; आणि ज्यांस दमा अथवा कातडीचा विकार आहे, ते मोजणी व नोंदी ठेवितात. काम संपताच सर्वजण साबणाने हातपाय धुतात. ओढ्यापलीकडील तीन शेतकरीही त्याच दिवशी आपापले बांध साफ करितात. कोपऱ्यातील जुन्या ढिगाच्या जागी आज तरोटा उभा आहे. गाजरगवत अद्याप नाहीसे झालेले नाही. परंतु गेल्या वर्षी मैदानात जेथे सत्तावीस टोपल्या निघाले, तेथे ह्या वर्षी अकरा टोपल्या निघाले. ही मोजणी विद्यार्थ्यांनीच केली आहे.

पालकांस एक विनंती आहे. आपल्या घरी कोणाच्या हातांवर वा मानेवर दर पावसाळ्यात खाज उठत असेल, तर तिला उष्णता किंवा नजर समजून अंगावर काढू नये. डॉक्टरांस दाखवावे आणि गवताशी संबंध येतो हे त्यांस आवर्जून सांगावे. आणि मजुरांकडून खुरपणी करवून घेणाऱ्या पालकांनी रोजाबरोबर हातमोज्यांचा एक जोडही द्यावा.

विद्यार्थ्यांनो, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गावी जाल तेव्हा तरोट्याच्या शेंगा वाळलेल्या असतील. प्रत्येकाने मूठभर बी कागदात बांधून आणावे. जूनच्या पहिल्या पावसात ते आपण ओढ्याच्या काठाने टाकू. ज्या मुलाचे डोळे सुजले होते, तो आता दहावीत आहे. बी गोळा करण्याचे काम त्याने आपण होऊन अंगावर घेतले आहे. पुड्या त्याच्याकडे द्याव्या.